पाहुण्यांची मुंबई : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की या स्तंभाकडे मुंबईविषयी विचारणा करणारी पत्रे वाढू लागतात. त्यांतील नऊ पत्रे या अंकासाठी घेतली असून लांबलेला मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. पहिल्या पत्रात प्रश्न नसून तक्रार आहे, आणि ती रास्त असल्यामुळे तिला आधी उत्तर देणे भाग आहे.

प्रश्न : आपल्या स्तंभात भायखळ्याच्या संग्रहालयाची वाखाणणी वाचून आम्ही सहा जण एका बुधवारी तेथे पोहोचलो. संग्रहालय बंद होते आणि शेजारची राणीची बागही बंद होती. सल्ला देताना एवढे तरी सांगायला हवे होते. — एक वाचक, सांगली

उत्तर : चूक पूर्णपणे माझी आहे. संग्रहालयाच्या छताविषयी आणि खांबांविषयी भरभरून लिहिताना त्याच्या साप्ताहिक सुट्टीसाठी अर्धी ओळ खर्च करण्याचे मला सुचले नाही, आणि त्यापायी आपला एक दिवस फुकट गेला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याला लागून असलेले वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच आपली राणीची बाग, ही दोन्ही बुधवारी बंद असतात. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवली जाते. घारापुरीची लेणी, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व त्यातील कान्हेरीची लेणी, आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन आणि पेडर रोडवरील चित्रपट संग्रहालय यांच्या सुट्टीचा वार सोमवार आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर कलादालन मात्र, काही राष्ट्रीय सुट्ट्यांचा अपवाद सोडला तर, आठवडाभर उघडी असतात. त्यामुळे सोमवारी मुंबईत येऊन पडलेल्या पाहुण्याला मी नेहमी या दोन्ही वास्तू असलेल्या काळाघोड्याकडे पिटाळते.

पुन्हा येणे झाले तर भायखळ्याला अवश्य जावे, अशी माझी विनंती आहे. फक्त निघण्यापूर्वी कोणती दालने खुली आहेत हे विचारून घ्यावे. २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झालेले हे शहरातील सर्वांत जुने संग्रहालय आहे. ज्यांनी त्याच्या उभारणीसाठी जिवाचे रान केले त्या डॉ. भाऊ दाजींचे नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा जुन्या मुंबईकरांनाही आपण इतकी वर्षे काय पाहत नव्हतो याचा उलगडा झाला. तेथील मातीच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये एकोणिसाव्या शतकातील मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांचे वेश आणि व्यवसाय जसेच्या तसे दिसतात. राजेमहाराजांच्या वस्तू इतरत्रही पाहायला मिळतात. आपल्या पणजोबांच्या काळचे रस्त्यावरचे लोक येथे भेटतात.

प्रश्न : जानेवारीत सासू-सासरे आणि दोन मुले यांच्यासह तीन दिवसांसाठी दादरला नातेवाइकांकडे उतरणार आहोत. एका दिवसात अठरा ठिकाणे दाखवणारी ‘मुंबई दर्शन’ बस घ्यावी, की स्वतः फिरावे? — एक वाचिका, नांदेड

उत्तर : स्वतः फिरावे. अठरा ठिकाणांच्या बसमध्ये माणूस दिवसभर बसच पाहतो. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटे, त्यांतील पाच रांगेत आणि पाच मुलांना शोधण्यात जातात, आणि संध्याकाळी सासऱ्यांना विचारले की ‘काय पाहिले?’ तर त्यांना वाहनांची कोंडी आठवते.

आपण मुंबईचा नकाशा एकदा समोर ठेवावा. पुणे किंवा नांदेड जसे चारी दिशांना पसरले तसे पसरायला या शहराला जागाच नव्हती. सात बेटे जोडून झालेली दक्षिणेकडची निमुळती पट्टी, दोन्ही बाजूंना पाणी आणि वाढ सगळी उत्तरेकडे, असा हा आकार असल्यामुळे येथील सारी ये-जा उभी चालते. सकाळी शहर दक्षिणेकडे धावते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. आपण दादरला, म्हणजे जवळजवळ मध्यावर, उतरणार आहात ही मोठी सोय आहे. तिचा फायदा घेऊन एका दिवशी एकच दिशा धरावी आणि गर्दी ओसरल्यावर, म्हणजे सकाळी दहा-साडेदहानंतर, घरातून निघावे.

पहिला दिवस दक्षिणेचा ठेवावा. दादरहून हुतात्मा चौकापर्यंत आता भुयारी मेट्रोने जाता येते. आरे ते कफ परेड हा तिचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाला आहे, आणि स्थानकांत उद्वाहने असल्यामुळे सासू-सासऱ्यांना लोकलच्या पुलांचे जिने चढावे लागणार नाहीत. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत बळी गेलेल्यांचे स्मारक आहे. मराठी माणसाने तेथे दोन मिनिटे थांबावे आणि ही मुंबई महाराष्ट्रात कशी आली ते मुलांना सांगावे, त्यासाठी कोणा मार्गदर्शकाची गरज नाही. तेथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठता येते. या इमारतीची कोनशिला १९०५ मध्ये बसवली गेली आणि ती १९१४ मध्ये पुरी झाली, परंतु पहिल्या महायुद्धात तिच्यात लष्करी रुग्णालय थाटले गेल्यामुळे संग्रहालय उघडायला १९२२ साल उजाडले. वास्तुकार जॉर्ज विटेट याने घुमटासाठी विजापूरच्या गोलघुमटाचा आधार घेतला होता. आत सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. मुलांना अकबराचे चिलखत दाखवावे, स्वतः लघुचित्रांच्या दालनात रेंगाळावे आणि सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती शांतपणे पाहाव्यात. एवढ्यात दोन तास सरतात. ज्येष्ठांना चाकांची खुर्ची हवी असल्यास प्रवेशद्वारापाशीच चौकशी करावी.

शेजारचे जहांगीर कलादालन १९५२ चे असून तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चित्रकलेतील आपल्याला काही कळत नाही, या भीतीने बरीच मंडळी आत पाऊल टाकत नाहीत. अनेकदा चित्रकार स्वतः तेथे बसलेला असतो आणि कोणी प्रश्न विचारला तर त्याला आनंदच होतो. तेथील ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, याची हळहळ माझ्यासारख्यांना अजून वाटते. आपल्याला त्याचे काही वाटण्याचे कारण नाही.

उन्हे कलल्यावर गेटवे ऑफ इंडिया पाहावा. मागचे ताजमहाल हॉटेल १९०३ चे आणि गेटवे १९२४ चा, म्हणजे दरवाजाआधी धर्मशाळा बांधून झाली होती, हे सांगितले की मुले हसतात. याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी भारतातून निघून गेली, हे सासऱ्यांना सांगण्यासारखे आहे. दिवे लागल्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच्या बाजूला उभे राहावे. फ्रेडरिक स्टीव्हन्स याने आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती, आणि २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे; सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. कोणता कोठे आहे हे मुलांनाच शोधू द्यावे. परतीच्या प्रवासात, आठनंतर, मुलांना येथूनच लोकलने दादरला आणावे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी येथूनच जवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती, त्यामुळे हा प्रवासही पाहण्याच्याच गोष्टींत मोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे, म्हणजे नातवंडे व आजी-आजोबा दोघांचीही सोय होते, आणि संध्याकाळी दादरलाच शिवाजी पार्क व चैत्यभूमी करावी. तिसऱ्या दिवसासाठी पुढचे उत्तर वाचावे.

प्रश्न : आम्हा दोघांना लेण्यांची आवड आहे. वेरूळ-अजिंठा पाहून झाले. मुंबईत एकच दिवस मोकळा मिळणार आहे, तर घारापुरी पाहावी की कान्हेरी? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण वेरूळ-अजिंठा पाहिले असल्यामुळे उत्तर देणे अवघड झाले आहे. पहिल्यांदाच लेणी पाहणाऱ्याला मी डोळे मिटून घारापुरी सांगितले असते.

घारापुरीचे मुख्य लेणे बहुधा सहाव्या शतकातील आहे आणि १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. गेटवेपासून होडीने सुमारे एक तास लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, आणि तेथून शंभराहून अधिक पायऱ्या दुकानांच्या दुतर्फा रांगांमधून चढाव्या लागतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. आत शिरताच डोळ्यांना काही दिसत नाही. बाहेरच्या लखलखाटाची सवय मोडायला चार-पाच मिनिटे जातात, आणि मग दक्षिणेकडच्या भिंतीतून सुमारे वीस फूट उंचीचा सदाशिव हळूहळू पुढे येऊ लागतो. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणून ब्रह्मा, विष्णू, महेश अशी वाटणी करतात. प्रत्यक्षात तिन्ही मुखे शिवाचीच आहेत, मध्ये शांत, एका बाजूला उग्र आणि एका बाजूला सौम्य स्त्रीरूप. मुख्य मूर्ती पाहून लगेच फिरू नये. तिच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर आहे, आणि शिवपार्वतीच्या विवाहाच्या शिल्पात पार्वतीची जी संकोचलेली मान आहे ती पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये. पोर्तुगीज काळात या शिल्पांची फार मोडतोड झाली. कित्येकांचे पाय उरलेले नाहीत, तरी चेहऱ्यांवरचे भाव शाबूत आहेत. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : माकडांसमोर हातात खाऊ धरू नये, आणि होडीत सुरक्षेसाठी दिलेले जॅकेट छायाचित्रापुरते नव्हे तर धक्क्याला लागेपर्यंत अंगात ठेवावे.

कान्हेरीचा बाज पूर्णपणे वेगळा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत, एका अखंड काळ्या डोंगरात १०९ बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे येथे भिक्षूंची वस्ती होती. अजिंठ्याची चित्रे किंवा वेरूळचे कैलास येथे शोधू नये, निराशा होईल. येथे पाहायची ती राहणी. प्रत्येक विहारापुढे ओटा, बसायला दगडी बाक, झोपायला कट्टा आणि पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळीतून आणून साठवण्यासाठी कोरलेले टाके आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी त्यांसाठी दाने दिल्याची नोंद आहे. एवढ्या उंचीवर, एवढ्या माणसांना, वर्षभर पाणी कसे पुरवले असेल हे समजून घेत खालून वर चढत गेले की डोंगर नुसता लेण्यांचा न राहता एक नांदते गाव होऊन उभा राहतो. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, तो विचारत विचारतच गाठावा लागतो. आणि नव्वदाव्या लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली. भिंतीवर नावे लिहिणाऱ्या पर्यटकांवर मी एरवी फार चिडते, पण हजार वर्षे टिकलेल्या या नावांना मात्र इतिहासकारांनी साधन मानले आहे, तेव्हा माझा इलाज खुंटतो.

आपल्या बाबतीत निर्णय द्यायचाच झाला तर मी कान्हेरी म्हणेन. मूर्तिशिल्पाचा परमोच्च आविष्कार आपण वेरूळला पाहिला आहे, परंतु एवढ्या मोठ्या शहराच्या पोटातील जंगल आणि त्या जंगलाच्या पोटातील हे गाव आपल्याला दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. सकाळी फाटक उघडताच आत जावे, पाणी व डबा बरोबर न्यावा, आणि उतरताना घाई करू नये. खडक गुळगुळीत झाला आहे. नांदेडच्या वाचिकेने मात्र सासू-सासऱ्यांना घेऊन कान्हेरीच्या वाटेला जाऊ नये. तिने डोलीची चौकशी करून घारापुरी करावी.

प्रश्न : मुलीच्या परीक्षेसाठी एका शनिवारी मुंबईत असेन. बडोद्यात वर्षाकाठी दोन-तीनच मराठी नाटके येतात, म्हणून एखादे तरी पाहण्याची इच्छा आहे. बरोबर एक गुजराती मैत्रीण असेल. तिकिटे कशी मिळतात? — एक वाचिका, बडोदा

उत्तर : शनिवार हा नाटकाचाच दिवस आहे, त्यामुळे आपण योग्य वारी येत आहात. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास, ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि वाशीचे विष्णुदास भावे या नाट्यगृहांत शनिवार-रविवारी सहसा दुपारचा एक आणि रात्रीचा एक असे प्रयोग असतात. मराठी वृत्तपत्रांत नाटकांच्या जाहिरातींचे स्वतंत्र पान असते. त्यात प्रयोगाचे ठिकाण, वेळ आणि ‘प्लॅन’, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडणार हे दिलेले असते. आता फोनवरूनही तिकिटे काढता येतात, परंतु नाट्यगृहाच्या खिडकीपाशी समोर ठेवलेल्या आसनांच्या तक्त्यावर बोट ठेवून ‘ही दोन द्या’ म्हणण्यात जे सुख आहे ते फोनमध्ये नाही. परीक्षा पार्ल्याला असेल तर दादरच्या प्रयोगाचा मोह धरू नये. तेच नाटक दुसऱ्या दिवशी पार्ल्याला लागण्याची बरीच शक्यता असते.

नाटकाला नवख्या व्यक्तीने प्रथम विनोदी किंवा कौटुंबिक नाटक घ्यावे, असे सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. विनोद भाषेवर चालतो आणि आपल्या मैत्रिणीला नेमका तोच निसटेल; त्यापेक्षा गाण्याचे किंवा अभिनयावर तोललेले गंभीर नाटक तिला अधिक पोहोचेल. मध्यंतरातील बटाटेवडा दोघींनाही सारखाच कळेल. मैत्रिणीचीही हौस भागवायची असेल तर गावदेवीच्या तेजपाल सभागृहात गुजराती नाटके होतात.

जुहूच्या पृथ्वी थिएटरचा अनुभव वेगळा आहे. १९७८ मध्ये सुरू झालेले, सुमारे दोनशे प्रेक्षकांचे हे नाट्यगृह असून नट हाताच्या अंतरावर असतो. तेथे तिसरी घंटा झाली की दार बंद होते, मग आपण बडोद्याहून आलात की बाजूच्या गल्लीतून याने फरक पडत नाही. नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले. शास्त्रीय संगीत ऐकायचे असेल तर तेथील कार्यक्रमपत्रिका आधी पाहून ठेवावी.

प्रश्न : तियात्राचा, म्हणजे आमच्या कोकणी नाटकाचा, जन्म गोव्यात नव्हे तर मुंबईत झाला, असे आमचे वडील सांगत. हे खरे आहे का, आणि असल्यास त्याच्या खुणा पाहता येतील का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे. पहिले तियात्र म्हणून मान्य झालेला ‘इटालियन भुरगो’ हा प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला. धोबी तलावाच्या परिसरात तेव्हा गोव्याहून नोकरीच्या शोधात आलेल्या लोकांच्या ‘कूड’ होत्या. गावागावाच्या नावाने चालणारी ही सामाईक घरे बोटीवर काम करणाऱ्या तारवटींचा मोठा आसरा होती, आणि हाच या खेळांचा प्रेक्षक होता. काही कूड आजही आहेत, परंतु त्या राहत्या जागा आहेत. ओळखीच्या माणसाशिवाय आत डोकावू नये. आपल्या गावाची कूड असेल तर मात्र आपला हक्कच पोहोचतो. तेथवर आलात तर जवळच क्याणी आहे, १९०४ पासूनचे इराणी दुकान. बनमस्का आणि मावा केक खाऊन पुढे गिरगावात खोताच्या वाडीत जावे. लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची जी थोडी घरे तेथे उरली आहेत, ती पाहताना म्हापसेकराला परके वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही तीस वर्षे श्टुटगार्टला आहोत. सोळा वर्षांच्या मुलीला इमारतींची छायाचित्रे काढण्याचे वेड आहे. मंदिरे आणि मॉल नकोत, असे ती आधीच बजावून आहे. तिला काय दाखवावे? — एक वाचक, जर्मनी

उत्तर : श्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८ पासून भगिनीनगरी आहेत, तेव्हा हा प्रश्न घरच्यांकडूनच आला आहे असे समजते. मुलीला सकाळी सातच्या सुमारास ओव्हल मैदानावर न्यावे आणि मध्यभागी उभे करावे. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय यांची टोकदार कमानींची, काळ्या-पिवळसर दगडांची रांग दिसेल. १८६० च्या दशकात जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर ती उभी राहिली. पश्चिमेला त्यानंतर साठेक वर्षांनी, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर बांधलेली आर्ट डेको शैलीतील घरे आहेत : सिमेंटची, गोलसर कोपऱ्यांची, जहाजाच्या कठड्यासारख्या गॅलऱ्यांची, आणि खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे असलेली. एकाच मैदानाच्या दोन काठांवर दोन युगे समोरासमोर उभी आहेत आणि मधे मुले क्रिकेट खेळत आहेत, असे छायाचित्र तिला दुसऱ्या कोणत्या शहरात मिळेल असे मला वाटत नाही. या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला.

सकाळी पूर्वेकडची रांग प्रकाशाविरुद्ध येते आणि पश्चिमेकडची उजळते. संध्याकाळी उलट होते. म्हणून दोन फेऱ्या कराव्यात. नंतर मरीन ड्राइव्हवर इमारतींची नावे कोणकोणत्या अक्षरवळणांत कोरली आहेत तेवढेच टिपत जावे, तो स्वतंत्र छंद आहे. चर्चगेटसमोरचे इरॉस चित्रपटगृह १९३८ चे आणि कुलाब्याच्या तोंडाशी असलेले रीगल १९३३ चे आहे. मंदिरे नको म्हणाली असली तरी काळाघोड्याचे निळे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, तिला जरूर दाखवावे. १८८४ चे हे केनेसेथ एलियाहू बगदादी ज्यूंचे आहे. पण ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते त्या बेने इस्रायली समाजाचे सर्वांत जुने प्रार्थनास्थळ मशीद बंदर भागात आहे, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी उभारलेले. जर्मनीत वाढलेल्या मुलीला दिवेकर आडनावाच्या ज्यू गृहस्थाची गोष्ट छायाचित्राहून अधिक लक्षात राहील, असा माझा अंदाज आहे. अशा ठिकाणी ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी.

प्रश्न : सत्तरीच्या आईला घेऊन येत आहे. आम्ही शाकाहारी आहोत. बाहेरचे खाऊन कोणी आजारी पडू नये एवढीच अपेक्षा आहे. — एक वाचक, अकोला

उत्तर : दादरला १९१० पासूनचे मामा काणे यांचे उपाहारगृह आहे, साधे घरगुती जेवण आणि बटाटेवडा. माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपी खानावळीत १९४२ पासून केळीच्या पानावर वाढतात. रांग असते, पण आईंना बसायला जागा मिळते. चौपाटीची भेळ थंडीच्या दिवसांत खावी आणि पाण्याची चटणी वगळून सुकी घ्यावी. वऱ्हाडी जिभेला येथील तिखट बेताचेच वाटेल, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : कार्यालयीन कामासाठी जुलैमध्येच यावे लागणार आहे. पावसात मुंबई पाहता येते का? आणि चित्रपटातील कलावंतांची घरे कोठे आहेत? — एक वाचक, लातूर

उत्तर : पाहता येते, फक्त पावसाइतकेच भरतीचे वेळापत्रक हाताशी असावे. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही आणि सखल भागांत तुंबते. त्या तासांत निवाऱ्याला थांबावे. मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्यापूर्वीच वृत्तपत्रांत छापून येतात. हाजी अलीची वाटही भरतीवर अवलंबून असते, आणि घारापुरीच्या होड्या खवळलेल्या समुद्रामुळे बंद राहू शकतात. कान्हेरी मात्र याच दिवसांत खुलते, कारण तेथील पन्हळी आणि टाकी प्रत्यक्ष काम करताना दिसतात.

कलावंतांच्या घरांचे पत्ते मी देणार नाही. कोणाच्या फाटकासमोर छत्री धरून दोन तास उभे राहण्याऐवजी पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जावे. २०१९ मध्ये ते गुलशन महाल या जुन्या वास्तूत आणि तिच्या शेजारच्या नव्या इमारतीत सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तेव्हापासूनची हकीकत तेथे मांडलेली आहे. आपण जुलैमध्येच येत असल्यामुळे तारीखही जुळून येईल.

प्रश्न : काळाघोडा येथे आधी खरा घोडा होता का? तो कोठे गेला? — इयत्ता पाचवीतील एक वाचक, चिपळूण

उत्तर : होता, पण पुतळ्याचा. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड त्याच्यावर बसलेला होता. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलवला आणि घोडा राजासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. तिथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, एक दगडी हत्तीही आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा असे नाव दिले. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचे ठरवले, उचलताना त्याचे तुकडे झाले, आणि पुढे ते सांधून तो बागेत ठेवला. नीट पाहिलेस तर सांधे अजून दिसतात. काळाघोड्याला २०१७ पासून एक नवा काळा घोडा उभा आहे, त्याच्या पाठीवर मात्र कोणीही बसलेले नाही.